वीतभराच्या आत

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला वन्संनी पायाखालची पट्टी दाबली आणि कापड तपासायचं मशीन थांबवलं. तिरप्या काचेवरून वर सरकणारा पांढरा तागा जागच्या जागी थांबला. काचेखालच्या नळ्यांचा उजेड त्यातून तसाच येत राहिला. वन्संचा उजवा हात कापडावर होता, चार बोटं पसरलेली, आणि डावा सवयीनेच लाल दोऱ्याच्या रिळाकडे गेला होता; दोष सापडला की किनारीला लाल दोरा बांधायचा आणि पुढे जायचं, हे त्या एकतीस वर्षं करत आल्या होत्या. पण बांधायला काही नव्हतं. त्यांनी वाकून बघितलं, चष्मा वर करून बघितलं. ना गाठ, ना तुटका धागा, ना तेलाचा डाग. पलीकडच्या मशीनवरची बाई मान वळवून बघायला लागली, कारण वन्सं उगाच मशीन थांबवत नाहीत हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. मुकादम लांबूनच म्हणाले, काय निघालं? वन्सं म्हणाल्या, काही नाही. तरीही मुकादमांनी येऊन कापडाला नाक टेकवलं. वन्संच्या ‘काही नाही’वर विश्वास ठेवायचा की थांबलेल्या मशीनवर, हे त्यांना कळेना.

वन्सं हे काही त्यांचं नाव नव्हे. कारखान्यात त्या मावशी होत्या, धाकट्या भावाची ताई होत्या, आणि वन्सं म्हणणारी जगात एकच बाई होती, ती म्हणजे त्यांची भावजय. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती त्यांना वन्सं म्हणत आली आणि ते अशा काही ठसक्यात म्हणायची, की हळूहळू त्यांना स्वतःलाही आपण वन्संच वाटायला लागलो. लग्न त्यांनी केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि पुढे विचारण्याचं वय निघून गेलं. तिघं एका घरात राहत. भाऊ शाळेत गणित शिकवायचा आणि भावजय लोकांना मोटार चालवायला शिकवायची. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात. इथे तसं काही नव्हतं. इथे दोघी मिळून भावाची टिंगल करत. आणि आदल्याच दिवशी, सोमवारी, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिघं एका रांगेत बसली होती, मध्ये भावजय, कारण तपासणी तिची होती.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, आवाज मात्र मोठ्या बहिणीसारखा. त्यांनी सुईच्या तपासणीचा कागद बाजूला ठेवला आणि एका कोऱ्या कागदावर पेनने एक गोल काढला. म्हणाल्या, स्तनाचा कर्करोग म्हणजे एकच रोग असं लोक धरून चालतात, तसं नाही. आत दूध तयार करणाऱ्या लहान लहान खोल्या असतात आणि ते बाहेर आणणाऱ्या नळ्या असतात. बहुतेक बायकांचा रोग नळ्यांत सुरू होतो. शंभरातल्या दहा-पंधरा जणींचा खोल्यांत सुरू होतो, तुमचा त्यातला आहे. मग दुसरी गोष्ट, तो जिथे उगवला तिथेच भिंतीच्या आत आहे की भिंत फोडून बाहेर पडलाय. तुमचा बाहेर पडलाय. आणि तिसरी, तो कशावर पोसतो. काही शरीरातल्या संप्रेरकांवर पोसतात, काहींना एक वेगळं प्रथिन लागतं, काहींना यातलं काहीच लागत नाही आणि ते जास्त आडमुठे असतात. भाऊ वहीत हे सगळं तीन रकान्यांत लिहून घेत होता. भावजयीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे गाडी कुठून सुटली, कुठवर पोचली आणि कुठल्या इंधनावर चालते, एवढंच ना? डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, एवढंच. तुमचं इंधन संप्रेरकांचं आहे, ते तोडायच्या गोळ्या आहेत, ही चांगली बाजू आहे. भाऊ गडबडला, कारण कागदावर दोन ठिकाणी पॉझिटिव्ह लिहिलं होतं आणि आयुष्यात एकदा तरी रक्त तपासलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणजे वाईट हेच माहीत असतं. इथे उलटं आहे हे त्याला दोनदा समजावून सांगावं लागलं.

मग डॉक्टरीणबाईंनी त्या गोलात बारीक ठिपके काढायला घेतले, एकामागे एक, ओळीने. म्हणाल्या, नळ्यांतल्या रोगाच्या पेशी एकमेकींना धरून राहतात, म्हणून त्यांचा गोळा होतो, हाताला लागतो. या खोल्यांतल्या रोगाच्या पेशी एकमेकींना धरत नाहीत. त्या अशा एकेरी रांगेत, चांगल्या भागाच्या मधून वाट काढत जातात. त्यामुळे पुष्कळदा गाठ अशी होतच नाही. नुसती जाडी येते. कधी फोटोतही दिसत नाही. वन्सं त्या ठिपक्यांच्या ओळीकडे बघत होत्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्हाला हे कधीपासून जाणवतंय? भावजय जराही न थबकता म्हणाली, दोनेक महिने झाले असतील. आणि तिने वन्संकडे बघितलंसुद्धा नाही, जणू त्या तिथे नव्हत्याच. भावाने वहीत लिहिलं, दोन महिने.

मशीन पुन्हा चालू झालं, तागा वर सरकायला लागला, आणि बोटं खालून जाणाऱ्या कापडाशी बोलत राहिली. ही बोटं म्हणजे वन्संची मिरास. डोळे मिटूनसुद्धा त्या धाग्यातली मोहरीच्या निम्म्याने असलेली गाठ सांगत. भिंतीवर दोषांचा तक्ता लावलेला होता, तो त्यांना पाठ होता: गाठ, दोष. तुटका धागा, दोष. डाग, दोष. धाग्याची जाडी, लांबीला वीतभराच्या आत असल्यास दोष धरू नये. नवीन मुली तक्ता वाचून काम करत आणि वन्सं त्यांना म्हणत, अगं, तक्ता भिंतीला, काम हाताला. सहा वर्षांपूर्वी कारखान्यात एक परिचारिका आली होती, बायकांना स्वतःची तपासणी कशी करायची ते शिकवायला. तिच्याकडे रबराचा एक नमुना होता, आत गाठी लपवलेला. बायका लाजून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. वन्सं पुढे झाल्या, नमुन्यावरून एकदा बोटं फिरवली आणि म्हणाल्या, चार. परिचारिका म्हणाली, नाही मावशी, तीनच आहेत. वन्सं म्हणाल्या, चार. परिचारिकेने नमुना उलटा करून मागची चिठ्ठी वाचली आणि चार निघाल्या. त्या दिवसापासून सगळा कारखाना त्यांच्या बोटांना मानायला लागला.

आणि नुसतं मानण्यावर थांबलं नाही. कपडे बदलायच्या खोलीत बायका हळूच यायच्या, मावशी, जरा बघता का. वन्सं हात धुवायच्या, चोळून ऊन करायच्या आणि बघायच्या. बांधणी खात्यातल्या एका बाईला त्यांनी सांगितलं, हे आहे, आजच्या आज जा, आणि ते खरंच निघालं. नळ्यांतलं होतं, हे वन्संना आता कळत होतं. तेव्हा कुणाला माहीत, रोग म्हणजे रोग. ती बाई बरी होऊन कामावर आली आणि सगळ्यांदेखत वन्संच्या गळ्यात पडली. तेव्हा वन्संना काय वाटलं होतं? आता मशीनच्या उजेडात त्यांनी ते प्रामाणिकपणे आठवून बघितलं. गर्व वाटला होता. चांगला मणभर गर्व. एक गाठ ओळखली आणि आपल्याला सगळं ओळखता येतं असं धरून बसलो, उंदराला मांजर साक्ष तशी आपली आपणच साक्ष.

आठ महिन्यांपूर्वीचा रविवार, दुपार. भाऊ पेपर तपासत बाहेरच्या खोलीत होता. भावजय आत आली, दार लोटलं आणि म्हणाली, वन्सं, एक गंमत सांगते. गाडीचा पट्टा हल्ली मला या बाजूने वेगळा बसतो. तिचं अर्धं आयुष्य शिकाऊ माणसाच्या शेजारच्या जागेवर पट्टा लावून गेलेलं. तो पट्टा कुठे टेकतो आणि कुठे टेकत नाही हे तिच्याइतकं कुणाला कळणार? पण वन्सं म्हणाल्या होत्या, मग सैल कर, पोट सुटलंय तुझं. ती हसली. मग म्हणाली, दुखत नाही, काही नाही. ही बाजू भरल्यासारखी वाटते एवढंच. बघता का जरा? वन्संनी तिला खिडकीपाशी उभं केलं, डोळे मिटले आणि बोटं फिरवली. खालून वर, बाहेरून आत, रबरी नमुन्यावर फिरवली तशीच. डोळे उघडून म्हणाल्या, गाठबीठ काही नाही. वयाने चरबी साठते. भावजयीने कपडे नीट केले आणि म्हणाली, तुमच्या बोटांनी सांगितलं म्हणजे झालं, आता डॉक्टरला कशाला फी द्या. मग दोघींनी चहा घेतला आणि भावाच्या पेपरातली उत्तरं वाचून हसत बसल्या. पुढे तिने विषय काढला नाही. वन्संनीही काढला नाही. गेल्या महिन्यात त्वचेला खळी पडली तेव्हा ती एकटीच जाऊन तपासून आली.

दुपारच्या सुट्टीत शिलाई खात्यातली एक बाई त्यांच्यापाशी आली. चाळिशीची, गरीब स्वभावाची, बोलताना पदर नसला तरी पदर सावरल्यासारखा हात करणारी. म्हणाली, मावशी, जरा बघता का, काही दिवसांपासून विचित्र वाटतंय. वन्सं म्हणाल्या, आज नको गं, माझे हात तेलकट आहेत. हात चांगले स्वच्छ होते, आत्ताच धुतले होते, ओलेच होते. ती बाई त्या ओल्या हातांकडे बघून ‘बरं’ म्हणाली आणि गेली. उरलेला दिवस वन्संनी एकदाही मशीन थांबवलं नाही. संध्याकाळी निघताना मुकादम म्हणाले, आज काय सगळंच कापड निर्दोष निघालं?

घरी भावाने जेवणाच्या टेबलावर तीन रकान्यांचा कागद नीट आखून ठेवला होता. उगम, फैलाव, इंधन. त्याला कसलीही भीती वाटली की तो आखणी करायचा, लहानपणापासूनची खोड. आधी शस्त्रक्रिया, ती बाजू पूर्ण काढायची, कारण पसारा फोटोत दिसतो त्याहून मोठा असू शकतो. मग काखेतल्या ग्रंथींत काय निघतं त्यावरून पुढचं. मग गोळ्या, पाच वर्षं किंवा जास्त. त्याने हे सगळं दोघींना पुन्हा वाचून दाखवलं, आणि शेवटी पेन बंद करत म्हणाला, दोन महिन्यांत लक्षात आलं हे नशीब समजा. भावजय म्हणाली, हो ना. वन्संनी ताटातून मान वर केली नाही. त्यांना वाटलं, आत्ता बोलावं. मग वाटलं, आत्ता बोलून काय उपयोग, तिचं ओझं वाढेल. आणि मग त्यांना कळलं की हा तिचा विचार नाही, आपली भीती आहे. भाऊ काय म्हणेल याची. ज्या भावाला त्यांनी बोट धरून शाळेत नेलं होतं, तो उद्या आपल्या बोटांकडे कसा बघेल याची. त्या दिवशी वन्सं भित्र्या ठरल्या आणि जेवून उठल्या. भांडी घासताना भावजय शेजारी येऊन उभी राहिली, पण भाऊ आतबाहेर करत होता आणि दोघींना एक वाक्य बोलता आलं नाही.

शुक्रवारी दुपारी ती दवाखान्यात दाखल झाली, शस्त्रक्रिया शनिवारी. खोली लहान, स्वच्छ, खिडकीतून मागच्या बाजूचा वाहनतळ दिसायचा. भावजय दवाखान्याचा ढगळ झगा घालून पलंगावर बसली आणि खाली एक माणूस गाडी मागे घेताना किती चुका करतोय ते मोजायला लागली. भाऊ तिची चप्पल पलंगाखाली सरळ लावत होता. एकदा लावली, मग पुन्हा लावली. परिचारिका फाइल घेऊन आली आणि उभ्या उभ्या प्रश्न विचारत लिहायला लागली. वय. वजन. आधीची औषधं. घरात आणखी कुणाला. मग, त्रास कधीपासून? भावजय खिडकीबाहेर बघतच म्हणाली, दोन महिने.

“आठ,” वन्सं म्हणाल्या.

परिचारिकेने मान वर केली. वन्संचा आवाज मशीन चालू असताना बोलायचा तसा मोठा निघाला होता. त्या म्हणाल्या, “आठ महिने झाले. तिने मला दाखवलं होतं. मी तपासलं आणि काही नाही म्हणून सांगितलं.” परिचारिकेने दोनचा आकडा खोडला, वर आठ लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, दातांची कवळी आहे का. भावजय म्हणाली, नाही. भाऊ चप्पल हातात घेऊन वाकलेलाच होता. परिचारिका गेल्यावर तो सरळ झाला, चष्मा काढला आणि म्हणाला, “म्हणजे सहा महिने.” एवढंच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वजाबाक्या तपासलेल्या माणसाने ही आपली वजाबाकी केली, उत्तर सांगितलं आणि चप्पल तशीच वाकडी ठेवून तो बाहेर गेला. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती. वन्संना त्या पाठीकडे बघवेना, आणि दुसरीकडे कुठे बघावं तेही कळेना.

भावजय चिडली होती. कशाला बोललात, मी सांभाळून घेतलं होतं ना, असं ती दबक्या आवाजात म्हणाली. आता तो मला सोडून तुमचीच काळजी करत बसेल, रागावेल, मग रागावलो म्हणून रडेल, त्याचं मला माहीत आहे. वन्सं म्हणाल्या, रागावू दे. तिचं चिडणं हळूहळू उतरलं. तिने झग्याचा बंद सोडला, वन्संचा उजवा हात मनगटाला धरून ओढला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला, अगदी त्या जागेवर. म्हणाली, उद्या हे जाणार. त्याआधी नीट बघून ठेवा. आणि या खेपेला डोळे मिटू नका.

वन्संनी डोळे उघडे ठेवले. हात गार पडला होता, तो चोळून ऊन करायचंही राहिलं. बोटं आपोआप फिरायला लागली, खालून वर, बाहेरून आत. गाठ नव्हती. आजही नव्हती. एका जागी बोटांना जरा जोर लागला, जसा एखाद्या आडव्या धाग्याला पीळ जास्त पडला की लागतो, आणि बोटं तिथे थांबली. थांबली, आणि वन्संना सगळी दुपार आठवली. खिडकी, भावजयीचा खांदा, बाहेर भावाचं पेपर उलटणं, आणि बोटं. हीच जागा. असाच जोर. तेव्हा ती जाडी एवढीशी होती, पण होती, आणि बोटं तेव्हाही थांबली होती. त्यांनी तक्ता बघितला होता, भिंतीवरचा नव्हे, मनातला, आणि बोटांना पुढे ढकललं होतं. इतके दिवस त्या स्वतःला सांगत होत्या की बोटांना कळलं नाही. बोटांना कळलं होतं.

“हे तेव्हाही होतं,” वन्सं म्हणाल्या.

“माहीत आहे मला,” भावजय म्हणाली. “तुमची बोटं इथेच थांबली होती. मला कळलं होतं. तुम्ही काही नाही म्हणालात आणि मला इतकं बरं वाटलं, की मी पुन्हा विचारलंच नाही.” खाली वाहनतळात त्या माणसाची गाडी अखेर जागेवर लागली होती. “शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, वन्सं. मी दाबला नाही.”

वन्संना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. डोळे पुसायला उजवा हात मोकळा नव्हता. भावजयीने स्वतःच्या झग्याच्या बाहीने त्यांचं नाक पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं जरा जोरानेच, आणि विचारलं, किती आहे? वन्संनी मापून बघितलं, सवयीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाल्या, चार बोटं. वीतभराच्या आत. भावजयीला तो तक्ता ठाऊक होता, वन्संनीच कधीतरी जेवताना पाठ म्हणून दाखवला होता. ती म्हणाली, म्हणजे तुमच्या कारखान्यात मी पास. आणि दोघी हसल्या. भाऊ दारातून आत बघायला लागला. त्याचे डोळे लाल होते. तो आत आला नाही, पण गेलाही नाही.

मग भावजयीने विचारलं, त्या कपडे बदलायच्या खोलीत अजून येतात का बायका? वन्संनी शिलाईवाल्या बाईचं सांगितलं, ओल्या हातांचंही सांगितलं. भावजय उशीला टेकली आणि म्हणाली, तिला फोन करा. वन्सं म्हणाल्या, करते संध्याकाळी. ती म्हणाली, आत्ता. वन्संनी डाव्या हाताने पिशवीतून फोन काढला आणि डाव्या हातानेच नंबर शोधला. उजवा हात होता तिथेच होता. तो उचलायचं दोघींपैकी कुणाच्याच मनात आलं नाही. पलीकडे शिलाईच्या मशीनांचा आवाज आला आणि मग ती बाई. तिला आश्चर्य वाटलं, मावशींनी कधी फोन केला नव्हता. वन्संनी तिला सांगितलं, मला दाखवू नकोस, डॉक्टरकडे जा, एकटीला भीती वाटत असली तर सोमवारी मी बरोबर येते. ती बाई ओशाळून म्हणाली, अहो मावशी, गाठबीठ तर काही लागत नाही हो मला, नुसतं भरल्यासारखं वाटतं, म्हणून म्हटलं आधी तुम्हालाच विचारावं.

वन्संनी दारात उभ्या असलेल्या भावाकडे बघितलं.

“माझ्या भावजयीलाही गाठ नव्हती,” त्या म्हणाल्या. “माझ्या हाताला कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. तू जा.”